लायटर उशाखाली आहे

थोरल्या,

माणसासारखं खायला कधी शिकणार तू? कामावरून येतोस तेव्हा मी दुपारची जरा पडलेली असते. तू उभ्या-उभ्या पॅटीसमधलं सारण खातोस, कडा ताटलीत टाकतोस आणि पुन्हा बाहेर पडतोस. बोटं दुखेपर्यंत मुरडलेल्या कडा त्या! संध्याकाळी चहाबरोबर मीच खाते. तेवढंच आपलं एकत्र जेवण.

आज पॅटीस भरून ठेवलेत, पण भाजले नाहीत. ओव्हनचा लायटर माझ्या उशाखाली आहे. भूक लागली तर आईला उठवावं लागेल. भाजून होईपर्यंत समोर बसावंही लागेल.

उठल्यावर तोंडावर सांगणारच आहे, पण आधी वाचून ठेव: "मेल्या, भाडेकरूसुद्धा जाताना हाक मारून जातो."