अक्रोडाला टांगलेल्या तीन व्हीलकॅप

तीर्थरूप डोब्रिवोये मामांस,

उजव्या गालाला एक, डाव्याला एक, पुन्हा उजव्याला एक असे तीन मुके, विनंती विशेष. आपली कंबर कशी आहे? यंदाची प्लमची दारू कशी उतरली? (ती बरी उतरली असेल तर कंबरही बरी असणार, असं आई म्हणते.) मी कॉलेज अर्धवट सोडलं, हा विषय आपण मागच्या तीन पत्रांत पुरेसा हाताळला आहे, तेव्हा आज थेट मुद्द्यावर येतो.

मामा, मी कोसारावर मरतो. (आईने हे आपल्याला कळवलंच असेल; तिने पोस्टमनलाही सांगितलंय.) तिचे वडील रादिसावकाका आजोबांच्या जुन्या फिचा गाडीकडे बघून म्हणाले, "ही चाकं आहेत की म्हातारीचं बोळकं? असली उघडी-नागडी गाडी माझ्या फाटकातून आत येणार नाही!" आता गाडी आत येणार नाही, तर गाडीतला नवरदेव कुठून येणार? मी तडक चाचाक शहरातल्या जुन्या बाजारात गेलो आणि व्हीलकॅपचे तीन नमुने आणले. एक मूळची, घुमटासारखी. दुसरी फटीफटींची. तिसरी कुठल्याशा थोरल्या गाडीची, ताटाएवढी. (विकणारा म्हणाला, ही तुझ्या चाकाला बसणार नाही. मी म्हटलं, बसत कशी नाही! नाही बसली.) पसंती अर्थात कोसाराची. पण व्हीलकॅप ही हातात घेऊन बघायची वस्तू नव्हे, ती लांबून, उन्हात बघायची असते. कोसाराची खिडकी वरच्या मजल्यावर. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्या अंगणातल्या अक्रोडावर चढलो आणि तिन्ही दोरीने टांगल्या.

त्या दिवशी शेजारच्या घरी लग्न आहे हे मला ठाऊक होतं. पण वऱ्हाड परगावचं आहे आणि त्यांनी पहाटेपासून प्रत्येक वळणावर बाटली फिरवली आहे, हे ठाऊक नव्हतं. मुलीच्या दारी उंच टांगलेलं सफरचंद बंदुकीने पाडल्याशिवाय नवरदेव आत जात नाही, आणि शेजाऱ्यांनी ते रीतसर टांगलंही होतं. पण माझ्या मालाच्या चकाकीपुढे सफरचंद दिसतंय कुणाला? ढोल-ट्रम्पेटच्या गदारोळात त्यांचा कूम ओरडला, "माज बघा सोयऱ्यांचा! एक नाही, तीन सफरचंदं, तीही क्रोमची! मार रे, नाक राख आपलं!" कूम म्हणजे नवरदेवाचा मानाचा साक्षीदार, लग्नात त्याचा शब्द देवाखालोखाल. नवरदेवाने बार काढला, घुमटाच्या मधोमध भोक! (मी तेव्हा पानांआड फांदीला मिठी मारून होतो. ताटाची गाठ सैल पडली होती.)

वऱ्हाड अंगणात घुसलं. रादिसावकाका झोपेतून उठून दारात आले, तर समोर कूम म्हणतोय, "बोला, मुलीचे काय घेणार? दोन डुकरं?" शहाण्या माणसाने विचारलं असतं, कुठल्या मुलीचे? पण सौद्याचा शब्द कानावर पडला की आपल्या माणसाला झोपेतही राहवत नाही. काका म्हणाले, "चार!" चारावर हात मिळवला, गळाभेट झाली, कोसाराला हाक गेली. ती केसांना गुंडाळ्या लावलेल्या अवस्थेत खाली आली. नवरदेव किंचाळला, "ही माझी नव्हे!"

झालं! काकांचा पारा चढला. "का रे, काय खोट आहे माझ्या पोरीत? हात मिळवलाय, ने मुकाट्याने!"

आता माझं डोकं फिरलं. मी झाडावरूनच ओरडलो, "मी नेतो!" काकांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "खाली ये माकडा, आधी नेम दाखव!" मी उतरलो, कूमची बंदूक घेतली (रागात नेम चांगला लागतो असा माझा समज होता) आणि काकांच्या दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्याला आरपार भोक पाडलं. ट्रम्पेट थांबले. मामा, लग्नात ट्रम्पेट थांबलेले आपण आयुष्यात कधी ऐकलेत?

कोसारा पुढे झाली. "हो बाजूला," म्हणाली, बंदूक हिसकावली आणि दोन बारांत उरलेल्या दोन्ही व्हीलकॅप खाली पाडल्या. मग वडिलांना म्हणाली, "नेम माझा लागलाय. म्हणजे हा माझा." काका हंड्याकडे बघत राहिले. कूमने दोन पेले रिचवून निवाडा दिला की रीत ती रीत, मुलीने मुलगा जिंकलाय. मग वऱ्हाड एकदाचं शेजारी गेलं. मी हळूच कोसाराला विचारलं, तिन्हींतली पसंत कोणती? ती म्हणाली, "पसंत असत्या तर गोळी घातली असती का?"

मामींना मुके.

आपला भाचा,
वुकान

ता. क. येत्या रविवारी कोसारा ट्रम्पेट वाजवत मला न्यायला येतेय. माझ्या बाजूने सौदा करायला वडीलधारं माणूस हवं. बाबा म्हणतात, मी फुकट देतो, वर हंडाही डागून देतो. हे आपल्या घराण्याला शोभत नाही. तेव्हा आपणच यावं, माझे गुण सांगावेत, चांगलं ताणून धरावं.

दुसरा ता. क. ताणू नका. आत्ताच निरोप आलाय की कुणी भाव खाल्ला तर ती गाडी वळवून परत जाईल. तिने पहिला आकडा उच्चारताच "दिला" म्हणून हात मिळवा. आकडा शून्य असला तरी.