स्पिरिटचा रकाना

९ सप्टेंबर, मंगळवार

चौथ्या कुंडीतल्या झाडाच्या पानावर डाग. तीन. काळे, भोवती पिवळी कड. आधी वाटलं माती उडाली असेल — बोटाने पुसलं. जाईना!

कुणाला बोलले नाही. साडेदहाला उद्यानाच्या मोठ्या बाई फेरीला आल्या आणि त्यांनाच दिसलं. एरवी काचघरात शिरल्या की आधी माझ्या काळ्याकुट्ट चहाची चेष्टा करतात. आज तेही नाही. प्रयोगशाळेतल्या रोगतज्ज्ञाला, आमच्या ‘चष्म्या’ला, बोलावलं, पान पिशवीत घातलं, दाराला कुलूप लावलं.

सातच कुंड्या आहेत. डोंगरावरचं मूळ झाड रस्त्याच्या कामात गेलं, तेव्हापासून या जातीच्या अख्ख्या जगात या सातजणीच. नऊ वर्षं मी त्यांना पाणी घालतेय.

१० सप्टेंबर, बुधवार

चष्मा म्हणाला, "हा रोग झाडाच्या रसातून पसरतो. कात्रीच्या पात्यावरून. औषध नाही. चौथीत आधीपासूनच असणार. छाटणी कधी झाली?"

एक तारखेला. मी केली.

लिहूनच टाकते, इथे तरी. नियम असा — प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची आणि रजिस्टरात त्या रकान्यात बरोबरची खूण करायची. त्या दिवशी मी दाराकडून सुरुवात केली, म्हणजे सातवीपासून, उलटी. सातवीची काडी कापून हातात घेतली आणि शाळेचा फोन! धाकटी जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली, टाके घालावे लागतील. काडी एप्रनच्या खिशात कोंबली. बाकीच्या सहाजणी भराभर उरकल्या. स्पिरिट? एकदाही नाही. मग रजिस्टरात पहिलीपासून सातवीपर्यंत ओळीने नोंदी, सात खुणा, खाली सही. एप्रन अंगावर तसाच ठेवून दवाखान्यात धावले.

म्हणजे चौथीचा रस तिसरीला, दुसरीला, पहिलीला लागला. पाचवी, सहावी, सातवी स्वच्छ. हे फक्त मला माहीत आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाईंनी रजिस्टर मागितलं. ओळींवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बरं झालं, तू सगळं नीट लिहून ठेवतेस. पण स्पिरिटवर शंभर टक्के भरवसा नको. चौथी आणि तिच्यानंतर कापलेल्या पाच, सहा, सात — उद्या नऊला भट्टीत. पहिल्या तिघी वाचतील."

उलट! अगदी उलट!

"बाई —" एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "पाणी घालू का?"

महिनाअखेरीला माझा करार संपतोय. मागे एका माळ्याने खोटी नोंद केली, तर त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. आमच्या घरात मिळवती मी एकटी.

घरी आले तर सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून लसणाची पाकळी कपात खोचत होते. आबांना हा नादच आहे — काही हिरवं दिसलं की खोच, कोंब दिसला की खोच. "काय सूनबाई, चेहरा का असा? झाडं उलट बोलली की काय?" हसले मी.

उद्या नऊच्या आत सांगायचं. नक्की.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल सातवीला मीच उचलून नेलं. लेकराला न्यावं तसं, छातीशी धरून. शेंड्याला नवं पान फुटत होतं. भट्टीवाला म्हणाला, "एवढंसं तर झाड, जाळायला काय झालं याला?" मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने कुंडी माझ्या हातातून घेतली.

भीती नेमकी कशाची? नोकरीची? ती आहेच. पण बाईंच्या नजरेची त्याहून जास्त. भित्री आहे मी, दुसरं काय!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिलीवर डाग.

२० सप्टेंबर, शनिवार

तिघींवर. चष्मा रजिस्टर पुढेमागे चाळत होता. "असं कसं? या तर आधी कापल्यात." तो माझ्या सहीकडे बघत होता की माझ्याकडे? मी जमीन पुसायला घेतली. ती सकाळीच पुसून झाली होती.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या गेल्या. काचघर धुऊन काढलं. मांडणीवर कुंड्यांचे सात गोल डाग राहिलेत, कितीही घासले तरी निघत नाहीत.

बाई स्टुलावर बसून होत्या. म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तू तर सगळं नियमाने केलंस." पाठीवर हात ठेवला. अंगावर सर्रकन काटा आला. बाईंना वाटलं मी रडतेय.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी करार वाढल्याचा कागद हातात पडला. एक वर्ष.

घरी पाऊल टाकते तोच आबा खिडकीतून ओरडले, "सूनबाई, ती तुझी काडी फुटली बरं का! कसली आहे गं? त्या टाक्यांच्या दिवशी तुझा एप्रन धुवायला टाकला ना, त्याच्या खिशात होती."

लसणाच्या पातीआड, कान तुटलेल्या कपात. तीन पानं. एकही डाग नाही.

सातवीची! सगळ्यात आधी कापलेली, स्वच्छ कात्रीने.

मी धावले — आणि उंबऱ्यावरच थांबले. दिवसभर त्याच काचघरात होते. याच कपड्यांनी, याच हातांनी.

"आबा, मला आत येऊ देऊ नका."

"मग स्वयंपाक कोण करणार?"

बाहेर पायरीवर बसून हे लिहितेय. आत्ताच बाईंना फोन केला. उलटा क्रम, स्पिरिट, सात खुणा, भट्टी — सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "त्या कपाला कुणी हात लावू नका. निघाले मी. रजिस्टर घेऊन येते."