दोन बोटं रिकामी जागा

पोर्ट ब्लेअर, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,
दोन महिने पत्र नाही, माफ कर. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

आम्ही पाणबुडे वापरतो त्या श्वासाच्या यंत्रात सोडलेला श्वास चुन्याच्या खड्यांतून गाळून परत घेतात. मंगळवारी समुद्रात खोलवर माझ्या जोडीदाराला, प्रशांतला, धाप लागली, डोकं ठणकू लागलं. मी त्याला लगेच साध्या सिलिंडरवर घेतलं आणि सावकाश वर आणलं. तो आता बरा आहे.

"लय बिड्या वडल्या गड्या, दम संपला. आता कुपवाडला जाऊन कारखान्यात लेथ चालवतो," असं तो हसत सगळ्यांना सांगतो. राजीनामाही लिहून ठेवलाय.

मी त्याच्या यंत्राच्या झडपा पाहिल्या, रबरी रिंगा पाहिल्या. सगळं नीट होतं. मग चुन्याचा डबा उघडला. खडे खाली बसून वर दोन बोटं जागा रिकामी होती. श्वास न गाळताच तिथून फिरत होता, त्यानेच त्याला धाप लागली.

तो डबा मीच भरला होता. आई पिठाचा डबा आपटून आपटून भरते, तसाच तो भरायचा असतो. मी गप्पा मारत होतो आणि आपटायचं राहिलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. वाईट वाटायला हवं, पण अजून काहीच वाटत नाही.

तुझा,
सुमंत

माझं उद्याचं काम: प्रशांतने राजीनामा देण्याआधी त्याला डब्याचं सांगणं.