चंद्रभानसाठी लेहरा

४ जानेवारी १९८६, सोनपेठ
चंद्रभानच्या बोटांना कंप सुटलाय. परभणीचे डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. तेवीसला झरीच्या सप्ताहात तो शेवटचा स्वतंत्र तबला वाजवणार. पेटीवर लेहरा धरायला मला बोलावलंय. म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ, चाळीस मिनिटं, तीच ती. माझ्यासारख्या विशारदाला हे काम... असो. शाळेपासूनची दोस्ती आहे. संकल्प : रोज एक तास प्रॅक्टिस.

७ जानेवारी
कचेरीत साहेबांचा दौरा. प्रॅक्टिस नाही. एका ओळीची प्रॅक्टिस ती काय करायची?

११ जानेवारी, सकाळी सहा
श्रीगणेशा. नवव्या मिनिटाला मनगट भरून आलं. भाता कडक झालाय. हेमा स्वयंपाकघरातून म्हणाली, तुम्ही पळायला लागलात. बायकोला लयीतलं काय कळतं?

१५ जानेवारी
चंद्रभानकडे तालीम. तेच ते ऐकून कंटाळेल म्हणून मधे दोन-तीन हरकती घातल्या. तो थांबला. म्हणाला, लय चांगलं वाजवायलास गड्या, पण मला सम सापडंना. तू नुसतं तेच वाजव, मी त्याच्यावर टेकून उभा हाय. घाबरलाय बिचारा.

२० जानेवारी
संकल्प : एकही हरकत नाही. शेवटी फक्त एक. पेटीवरही माणूस बसलाय हे लोकांना कळायला नको?

२४ जानेवारी
काल मंडप भरला होता. वीस मिनिटं मी बरोबर होतो. त्याची बोटं एकदाही कापली नाहीत. कुणीतरी वा म्हणालं. मला वाटलं, मलाच. एक छोटी तान घेतली. परतलो तर अर्धी मात्रा पुढे. तो मला शोधत राहिला, मी त्याला. मग त्यानं तबल्यावर हात ठेवून नमस्कार केला. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या.
माईक खराब होता.

२५ जानेवारी
माईक नीट होता.

३ मार्च
पेटी घेऊन चंद्रभानकडे गेलो. माफी मागायची होती, जमलं नाही. त्याला आता कप धरवत नाही, सुमंगलावहिनी चहा पाजतात. म्हणाला, लेहरा धर. धरला. पाऊण तास. एक हरकत नाही, लय तसूभर हलली नाही. इतकं सरळ मी जन्मात वाजवलं नव्हतं.
तबल्याची जोडी खोळीत बांधून ठेवलेली. तो प्रत्येक समेवर नुसती मान हलवत होता.