तनूची गोवराची लस

आई,
तू वावरातून येशीन तवा घरी कोनी नसन. मी अन् पौर्णिमा वहिनी तिच्या तनूले गोवराची लस द्याले दवाखान्यात नेऊन राहिलो. मागच्या सुईनं ताप आला म्हनून तू नाही म्हनत होती. पन शेजारच्या दोन लेकराईले गोवर निंगाला हाय, आई.

वरन-भात झाकून ठेवला. रागात उपाशी नोको राहू.

मले आठवते, तू मले कडेवर घेऊन अंगणवाडीत सुई द्याले नेलं होतं. माह्यापेक्षा तूच जास्त रडली. मंग गूळ देल्ला अन् वाटंनं तू म्हनली, "आजीले नोको सांगू बापा, घरात घ्याची नाही मले."

आमी तरी तुले सांगून चाल्लो.

नितेश