डाव्या दिव्यातलं धुकं

१० मे, रविवार

गाडीच्या डाव्या हेडलाइटमध्ये धुकं धरलंय. फडकं मारून मारून हात दुखला, मग कळलं पाणी काचेच्या आतनं हाय. काल वळीव झाला, त्यातच काय तरी झालं असणार. कंपनीचा फॉल्ट.

माझा ह्यात काय संबंध न्हाय. मी फक्त गेल्या आठवड्यात त्या दिव्यातला जुना पिवळा बल्ब काढून पांढरा एलईडी घातलतो. व्हिडिओ बघून, एकदम प्रोफेशनल. उजव्याला पुढच्या महिन्यात घालणार. काम झाल्यावर मागची एक रबराची गोल टोपी उरली. नव्या बल्बचं बूड मोठं, टोपी बसंना, म्हणजे ती लागतच न्हवती. कंपनीवाले एक्स्ट्रा पार्ट देतात ते बरं करतात. टेबलावर ठेवलीय, उदबत्ती खोचायला भारी हाय.

११ मे, सोमवार

दादाचं, म्हणजे आदर्शचं, लग्न २८ला निपाणीत. नवरदेवाची गाडी कोण चालवणार हा विषय आज जेवताना निघाला. मी हात वर केला. आप्पा म्हणाले, आधी त्या दिव्याचा मोतीबिंदू काढ, मग स्टेअरिंगला हात लाव. दिवा साफ झाला तर तू चालव. न्हाय तर श्रीनाथ चालवंल आणि तू भांड्यांच्या टेम्पोत बसून यायचं.

श्रीनाथ म्हणजे आमचा चुलतभाऊ. बँकेत हाय, खालच्या मजल्यावर राहतो. चाळीसच्या वर गाडी नेत न्हाय आणि गल्लीतल्या म्हशीलापण इंडिकेटर देतो. असला माणूस नवरदेवाला घेऊन निघाला तर मुहूर्त हायवेवरच गाठंल.

मी गॉगलसुद्धा घेऊन ठेवलाय. लायसन हाय. लर्निंग का असंना, लायसनच.

संकल्प: लग्न होईपर्यंत खोड्या बंद.

१२ मे, मंगळवार

सकाळी श्रीनाथच्या मोबाइलला कोंबड्याची रिंगटोन लावली. ही खोडी न्हवं. तो उशिरा उठतोय म्हणून मदत.

संध्याकाळी कळलं, मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना कोंबडा आरवला. श्रीनाथ घरी येऊन माझ्याकडं नुसता बघत बसला. ह्या माणसात दम न्हाय.

१४ मे, गुरुवार

उपाय सापडला. हेअर ड्रायर.

शेजारच्या विद्युल्लता आक्काचं पार्लर हाय. आईला केस वाळवायचेत असं सांगून तिचा ड्रायर आणला. वायर लांब जोडून दिव्यावर गरम हवा मारली. धुकं गेलं. काच आरशागत. आप्पांना हाक मारली. ते चप्पल घालून बाहेर येईपर्यंत धुकं परत आलं. आप्पा म्हणाले, छान, आता पावडर-टिकलीपण कर तिची.

तेवढ्यात आक्का आली. मागनं एक बाई, डोक्यावर टॉवेल. आक्का म्हणाली, साईराज, तुझ्या आईचे केस बंपरमधनं कधी उगवले रं? ड्रायर घेऊन गेली. बायकांना सायन्स कळत न्हाय.

१६ मे, शनिवार

नवा उपाय. बुटाच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी असते ती. खडेबाजारात गेलतो. पहिल्या दुकानात म्हातारा कानडीत म्हणाला, एनु बेकु, म्हणजे काय पायजे? मी म्हणलं, बूट नको, खोक्यातली पुडी पायजे. त्यानं मला दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दुकानात म्हणाले, बूट घे, पुडी फुकट. बूट घेतला. एक नंबर मोठा हाय, पण पुडी खरी निघाली. तिसऱ्यानं केर काढताना सापडलेल्या पिशवीभर दिल्या आणि म्हणाला, पण खाऊ नकोस बाबा, लिहिलंय त्यावर.

उद्या दिवा क्लिअर. लिहून ठेवतो.

१७ मे, रविवार

दिव्याच्या मागं हात जाईल एवढं भोक हाय. कंपनीनं सोय केलीय, मानलं पायजे. सगळ्या पुड्या आत सोडल्या. त्या घसरून पुढं काचेला येऊन बसल्या, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. डू नॉट ईट. मग म्हणाले, गाडीनं एकादशी धरलीया काय रं?

तारेनं ओढून काढताना दोन-चार फुटल्या. आता वळणावर दिवा खुळखुळ्यागत वाजतोय. आप्पांना अजून ऐकू आलं न्हाय. धुकं तसंच.

२० मे, बुधवार

फोन पाण्यात पडला तर तांदळात ठेवतात. हे मला आधी का सुचलं न्हाय? सुचलं असतं तर बूट घ्यावा लागला नसता.

पण तांदळाच्या डब्यावर आई बसून हाय, लग्नाचं धान्य म्हणून. मागच्या खोलीत खानापूरच्या आमच्या शेतातल्या भाताची गोणी मात्र तोंड बांधून वेगळी ठेवलीय. विचार केला, तांदूळ म्हणजे सोललेलं भात. न सोललेलं म्हणजे पॅकिंगसकट माल. जास्तच चांगला. दोन ओंजळी काढून दिव्यात सोडल्या आणि गोणी परत बांधली.

आप्पा त्या गोणीपाशी रोज उभे राहतात. काढणीला पाऊस लागलाय, बी उगवतंय का न्हाय कुणास ठाऊक, असं पुटपुटतात. लग्न झालं की पेरायचंय म्हणे. शेती माझं खातं न्हाय.

२२ मे, शुक्रवार

भात फुगलंय. म्हणजे पाणी पितंय. सिस्टीम काम करायलीय.

गाडी रोज पाइपनं धुतो, बॉनेट उघडून आतनंसुद्धा. नवरदेवाची गाडी हाय, सगळीकडनं चमकली पायजे. पुसायला फडकं न्हवतं. व्हरांड्यात एक ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलंतं, ते घेतलं. आत कुणी तरी भाताचे दाणे बांधलते. झटकून टाकले.

रात्री आप्पा व्हरांड्यात काय तरी हुडकत होते. म्हणाले, उगवण बघायला बी बांधलंतं, गोणपाटासकट गेलं. मी म्हणलं, कुत्रं असणार. गल्लीतली कुत्री लई बेकार झाल्यात.

२४ मे, रविवार

दाण्यांतनं पांढरे दोरे आल्यात. ओल पोटभर शोषली की भाताचा कापूस बाहेर पडत असावा. चांगलं लक्षण.

श्रीनाथ दिव्यापुढं वाकून बराच वेळ बघत होता. म्हणाला, साई, आत काय पेरलंयस काय? मी म्हणलं, टेक्नॉलॉजी हाय, बँकेत न्हाय शिकवत. तो हसला. पहिल्यांदा हसताना बघितलं.

२६ मे, मंगळवार

कापूस हिरवा झालाय. बुरशी असंल.

२७ मे, बुधवार

बुरशी न्हवं. बुरशी बोटभर उंच हून काचेला डोकं लावत न्हाय.

हात घालून उपटायला गेलतो. मुळं एकमेकांत गुंतल्यात, बल्बला मिठी मारून बसल्यात. ओढलं तर बल्बच येतोय.

डोकं चालवलं. झेंडूचा जाड हार आणून डाव्या दिव्यावर सोडला. आप्पांनी विचारलं, दिवा झाला काय? मी म्हणलं, झालाय, पण नवरदेवाची गाडी आदल्या दिवशी उघडी करत न्हाईत. आप्पा म्हणाले, असं कुठं असतंय? मी म्हणलं, निपाणीत असतंय. आप्पा मान हलवत आत गेले.

गॉगल पुसून ठेवला. बुटात कापूस कोंबला, खराखुरा. उद्या स्टेअरिंग माझंच.

२८ मे, गुरुवार, सकाळ

टेम्पोतनं लिहायलोय. समोर हंडा, बाजूला परात, मांडीवर झारा.

झालं असं. आप्पांनी नारळ फोडला आणि हार बाजूला केला. आत हिरवंगार रान. वाऱ्याला हलत न्हवतं एवढंच. आप्पा गुडघ्यावर बसले. नाक काचेला लावलं. मी चप्पल कुठल्या पायातली येतीय त्या हिशेबानं उभा होतो. तर आप्पांनी आईला हाक मारली. अगं बघ बघ, एकसुद्धा दाणा वाया न्हाय. मी उगाच नवं बी आणायला निघालतो. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, देवाशप्पथ.

मी लगेच हात पुढं केला, किल्लीसाठी. आप्पांनी किल्ली श्रीनाथच्या हातात ठेवली. म्हणाले, बी उगवलंय, दिवा न्हाय उजळला. ठरलं ते ठरलं.

ऊन लई हाय म्हणून श्रीनाथनं माझा गॉगलपण मागून घेतला. दिला. भाऊ हाय.

२८ मे, संध्याकाळ, निपाणी

गाडी चाळीसनं आली, आमचा टेम्पो आधी पोचला. त्यामुळं नवरीकडच्यांनी वाजत-गाजत पहिलं स्वागत केलं ते माझं, झाऱ्यासकट. चूक कळल्यावर बँड थांबला.

मग गाडी आली. नवरीची आजी अंबुबाई पुढं झाली, दिव्यात बघितलं आणि हातच जोडले. म्हणाली, बया, गाडीत घट बसवलाय. नवरात्रात आमच्या घटावर एवढं दाट येत न्हाय गं. हळदीकुंकू मागवलं, हेडलाइटला लावलं. मागनं बायकांची रांग. एकीनं ओटीपण भरली, वायपरमध्ये खण खोचून. बाकीचे फोटो काढायलेत.

अंबुबाईनं विचारलं, एवढी हौस कुणाची? मी हंडा खाली ठेवून पुढं निघालो. तोपर्यंत श्रीनाथनं गॉगल वर केला आणि म्हणाला, माझीच, आज्जी. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोंबडा. त्यानं अजून बदललाच न्हवता. आख्खा मांडव हसला. अंबुबाई म्हणाली, पोरगं किती गुणी आणि हौशी हाय.

माझा गॉगल, माझं भात, माझा कोंबडा.

३१ मे, रविवार

आज श्रीनाथ वर आला चहाला. टेबलावरची टोपी उचलली, राख फुंकली, म्हणाला, ही हितं कशाला? गाडीजवळ गेला. पांढरा बल्ब मुळांसकट काढला, आतनं पुसून वाळवलं, जुना पिवळा घातला आणि मागनं टोपी बसवली. चप्प करून बसली. त्यावर आम्ही पाइपनं पाणी मारलं. धुकं न्हाय.

एवढे दिवस मी केलेल्या सगळ्या उपायांचा परिणाम आज दिसला. जरा वेळ लागला एवढंच.

आप्पांनी ती रोपं टोपलीत घालून माझ्या हातात दिली. म्हणाले, तू पेरलंयस, तूच लाव. उद्या सकाळी खानापूरला जायचंय, शेतात. गाडी श्रीनाथ चालवणार.

आता उदबत्ती कुठं खोचायची हा प्रश्न हाय. उजव्या दिव्यामागं पण तसलीच एक टोपी हाय म्हणे. बघतो.