जोंगाची फुंकणी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चौसाळा,
ता. २५ ऑक्टोबर २०२५

चि. विजयसिंह यास विमलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस आणि चहा निवायच्या आत पळालास. तू गेल्यावर पाहिलं, तर पाटावर आणि पाण्याच्या तांब्यावर तुझ्या बोटांचे काळे ठसे. कान गेल्यापासून फोनवर मी नुसती हां हां करते हे तुला माहीत आहे, म्हणून कागद घेतला.

पोरीचं लग्न तोंडावर आलं आहे. मांडव, पत्रिका, रुखवत सगळं मनिषाच्या गळ्यात घालून तुम्ही बापलेक गोठ्यात त्या जोंगा जीपखाली पडलेले असता, असं मनिषानं आमच्या शिवकन्येला फोनवर सांगितलं. शिवकन्या हसत होती. सुनेला हसू येतं, मला नाही येत. नवऱ्या मुलीच्या हातावर मेंदीच्या आधी ग्रीसच रंगणार आहे का?

खंडेनवमीला त्या नव्या यंत्राची पूजा माझ्या हातून करवून घेतलीस, पण ते आहे काय हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. लष्कराच्या लिलावातली सहा सिलिंडरची गाडी, होती तशी काय वाईट होती? लहानपणी विहिरीवरचं इंजिन उघडलं होतंस. परत जोडल्यावर मूठभर बोल्ट उरले, तर ते जास्तीचेच होते असं वडिलांना तोंड वर करून सांगितलंस. या गाडीचे किती उरणार? आणि याच गाडीतून तू स्वतः आरोहीला अंबाजोगाईला सासरी पोचवणार म्हणतोस. मध्ये घाट आहे, विजू. जावईबापूंची नवी गाडी आहे, पोरीला तिच्यात बसू दे.

मनिषाला आशीर्वाद, आरोहीच्या गालावरून हात. माझ्यावर लोभ असेल तर तो या वेळी माझं ऐकण्यात दाखव.

तुझी,
विमलताई

---

परळी वैजनाथ,
ता. ३० ऑक्टोबर २०२५

ती. सौ. विमलताईस धाकट्या विजयसिंहाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. मनिषानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि बोल्टांचा भाग हौसेनं दोनदा वाचला.

रागावू नकोस, नीट सांगतो. मागच्या हंगामात आरोहीची सोयरीक ठरवायला निघालो होतो. मागे पाहुणे बसलेले. घाटात जोंगाचा दम उखडला आणि उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. ट्रॉलीतल्या ऊसतोड बायांनी हात हलवले, आणि एकीनं ओरडून विचारलं, की मामा, ढकलायला उतरू का. पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसले. त्या दिवशी ठरवलं, की पोरीला सासरी नेईन ती याच गाडीतून, आणि या घाटात मला कुणी मागे टाकणार नाही.

म्हणून पुण्याच्या भंगार बाजारातून हा सुपरचार्जर आणला. परदेशी गाडीतून काढलेला आहे. ओल्या लाकडांची चूल धरत नसली की तू फुंकणी घेतेस ना, तेच हे. इंजिन एरवी स्वतःच्या दमानं हवा ओढतं. हा हवा दाबून आत ढकलतो. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा घेतला की तो फिरतो. त्याच्या पोटात दोन रोटर आहेत. एकमेकांत बोटं गुंतवावीत तसे फिरतात, पण शिवत नाहीत, आणि मधल्या फटीत जाड कागदसुद्धा जाणार नाही. वरच्या तोंडातून हवा आत, खालून नळीनं कार्बोरेटरवर, तिथून थेट इंजिनात. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर पिस्टन जळतो. त्यासाठी पंप बदलला. लोखंडी ब्रॅकेट इथल्याच लेथवर करून घेतले. दोन्ही पुल्या एका रेषेत आरोहीनं आणल्या, दोरी ताणून. तिला इंजिनिअरिंगला घातल्याचं सार्थक झालं.

भीती एकच, इथल्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेची. ती कुठे शिरेल याचा नेम नाही. म्हणून तू पूजेत झाकलेला खण मी त्याच्या तोंडावर तसाच बांधून ठेवलाय. आता तो रविवारीच सुटेल. रविवारी पट्टा चढवून इंजिन चालू करणार.

भावजींना नमस्कार. ओरडायचं तेवढं ओरड, पण धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
विजू

---

चौसाळा,
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. विजू यास आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. रविवार तर काल होऊन गेला. शिवकन्येला फोन लावायला बसवलंय. तू उचलत नाहीस, आरोही उचलत नाही, मनिषाचा बंद आहे. ती फोन लावतेय आणि मी लिहितेय, दुसरं काही सुचत नाही.

विजू, त्या यंत्राच्या पोटात तांदूळ आहेत. मी घातले.

घरात नवं यंत्र आलं की थोरल्या बहिणीनं त्याची ओटी भरायची, हे आपल्याकडे आजीपासून चालत आलंय. पाण्याचा पंप आला, मळणीयंत्र आलं, तेव्हा मी ओटी वरच ठेवली, कारण त्यांना ना पदर ना झोळी. याला आयतं उघडं तोंड होतं. मूठमूठ करून तांदूळ सोडले, हळकुंड आणि सुपारी सोडली आणि वर खण झाकला. मनात म्हटलं, घरात आलेली सूनच ही, रिकाम्या पोटी कशाला बसेल. तू अंगणात नारळ फोडत होतास. मला ते नुसतं भांडं वाटलं.

आता तू लिहितोस, की कागद जाणार नाही एवढी फट आणि तिथून थेट इंजिनात. हळकुंड दगडासारखं असतं रे. आरोही वाकून आत बघत असेल आणि त्याच वेळी काही फुटून उडालं असेल, हेच डोळ्यांपुढून हलत नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले असलं कुणी करतं का. मी केलं. शुभ म्हणून केलं, आणि लग्नाघरी हे होऊन बसलं. मला माझाच राग येतोय.

काय झालं असेल ते खरं कळव. माझी समजूत काढायला गोड लिहू नकोस. तुझा लोभ राहील की नाही हे विचारायचंही धाडस होत नाही.

विमलताई

---

परळी वैजनाथ,
ता. १२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यांना आरोहीचा शि. सा. न.

शिवकन्या वहिनींचा फोन लागला तेव्हाच मी सांगितलं, की सगळे सुखरूप आहोत आणि इंजिनालाही काही झालेलं नाही. पण तुम्ही विश्वास ठेवायला तयार नाही, जेवतही नाही, असं त्यांनी काल पुन्हा कळवलं. म्हणून आता जसं घडलं तसं लिहिते.

त्या रविवारी खण सोडून आत न बघताच वर हवेची जाळी बसवली, आणि पट्टा चढवण्याआधी मी पुली हातानं फिरवून पाहिली. थोडी फिरली आणि करकरून अडली. बाबांना वाटलं बेअरिंग गेलं. भंगारवाल्याचा उद्धार सुरू झाला. सगळं उतरवून उलटं केलं, तर तांदूळ सांडले आणि मागून सुपारी टुणकन बाहेर आली. हळकुंड दोन रोटरांच्या मध्ये चावल्यासारखं अडकलं होतं. बाबा आहे तिथंच खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी दिवसभर आम्ही दाणा न् दाणा काढत होतो आणि फोन घरात पडून होते. रोटरवर बारीक ओरखडा राहिलाय, तो ताईची खूण म्हणून राहू दे, असं बाबा म्हणाले. तांदूळ आईनं निवडून ठेवलेत, लग्नाच्या अक्षतांत मिसळणार आहे. तेव्हा आत्या, आधी जेवा.

पण आता मला दुसरीच काळजी लागली आहे. काल आम्ही घाटात गाडी नेऊन पाहिली. बाबा चालवत होते, मी काट्यांकडे बघत होते. पट्टा चढल्यापासून गाडीला बारीक शिटीसारखा आवाज येतो, चढावर तो वाढत जातो. उष्णता बेताची, इंजिनात कुठे ठकठक नाही. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, एक एसटी, सगळी मागे राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं. वर पोचल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि खालच्या वळणांकडे बघत राहिले. झाला पण घाट, एवढंच म्हणाले.

आज सकाळपासून गोठ्यात एकटेच बसलेत. मी गेले की बॉनेट लावून घेतात. विचारलं तर म्हणतात, तू रुखवताचं बघ. त्यांना काहीतरी दोष दिसला असणार आणि एवढं सगळ्यांना सांगून ठेवल्यावर आता कबूल करता येत नसणार. पुल्यांची रेषा मी जुळवली. चूक माझीच असली तर? ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही विचारा.

माझ्यावरची माया सासरी गेल्यावरही अशीच राहू द्या.

तुमची,
आरोही

---

चौसाळा,
ता. १७ नोव्हेंबर २०२५

चि. विजू यास आशीर्वाद.

आरोहीचं पत्र आलं. तिनं लिहिलंय हे तिला बोलून दाखवू नकोस. तांदळाचं ओझं उतरलं आणि त्याच घडीला हे दुसरं बसलं.

घाटात तुला काय दिसलं? गाडीत खोट असेल तर सांगून मोकळा हो. तुला कुणी हसलं तर हसू दे. त्या हसण्यापायी पोरीचा जीव घाटात टांगणीला लावायचा असेल, तर पाठवणीला मी गाडीसमोर आडवी बसेन, हे लक्षात ठेव. उत्तर पाठव, उशीर करू नकोस.

विमलताई

---

परळी वैजनाथ,
ता. २२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस सा. न.

गाडीत खोट नाही. वैजनाथाची शपथ. याहून जास्त लिहिता येत नाही, लिहायला बसलो होतो, जमलं नाही. तू लग्नाला चार दिवस आधी ये आणि आडवी बसू नकोस, एवढाच लोभ कर.

विजू

---

अंबाजोगाई,
ता. ६ डिसेंबर २०२५

ती. सौ. आत्यांना आरोहीचा शि. सा. न.

सासरहून पहिलं पत्र तुम्हालाच. पाठवणीच्या वेळी तुम्ही जोंगाचं दार धरून उभ्या होता आणि आईनं तुमची बोटं एकेक करून सोडवली, ते डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही अजून काळजीत असाल, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

चाकाखालची लिंबं चिरडून गाडी निघाली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाव संपल्यावर लक्षात आलं, की शिटी वाजत नाही. बाबा पुढे चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, तुमचे जावई सोमेश्वर मागे करवलीजवळ. घाट लागला आणि गाडी पूर्वीसारखी धापा टाकायला लागली. मागे वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. बाबांनी स्वतः हात बाहेर काढून त्याला पुढे जायला वाट दिली. ट्रॉलीतल्या बाया नवरी बघून हसल्या, बाबांनीही त्यांना हात केला.

मला राहवलं नाही. पट्टा तुटलाय, गाडी थांबवा, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की तुटला न्हाई, मीच उतरवून ठेवलाय. नळी सोडवून जुना फिल्टर परत बसवलाय. इतके दिवस बॉनेट लावून ते काय करत होते, ते मला तिथं कळलं. बसवायचे, उतरवायचे, पुन्हा बसवायचे. मग म्हणाले, "फुंकणी लावली तं घाट लई लवकर सरतो, आरू. आज कुठं घाई हाय?"

आत्या, मी मांडवात रडले नव्हते. तिथं रडले. बाबा रडत होते आणि गिअर बदलत होते. मागे सोमेश्वरांनी हळूच फोन लावून वऱ्हाडाला सांगितलं, की हॉर्न वाजवू नका, आम्ही येतोय सावकाश. माणूस चांगला आहे, तुम्ही काळजी करू नका. वर पोचेपर्यंत बाबांनी मला वाटेवरचं प्रत्येक वळण दाखवलं, जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

उद्या मांडवपरतणी. बाबा मला माहेरी न्यायला येणार आहेत. आईचा आत्ताच फोन आला होता. म्हणाली, सकाळपासून गोठ्यात आहेत, पट्टा चढवतायत.

मामांना नमस्कार, वहिनींना आठवण. आता दोन घरची झाले म्हणून तुमचा लोभ अर्धा करू नका.

तुमची,
आरोही